अणुबॉम्ब वापरण्याच्या निर्णयाचा अभ्यास कसा करावा

अमेरिकेने जपानवर अणुबॉम्ब टाकला ते योग्य होते का, हा प्रश्न वर्गात, वक्तृत्व स्पर्धेत किंवा घरच्या गप्पांत निघाला की थोड्याच वेळात दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असते की बॉम्बमुळे युद्ध थांबले आणि लाखो प्राण वाचले. दुसरी बाजू म्हणते की जपान शरण येणारच होता. ही दोन्ही वाक्ये १९४५ नंतर घडवली गेली आणि वारंवार उच्चारून गुळगुळीत झाली. ज्याला या विषयावर निबंध लिहायचा आहे, भाषण करायचे आहे किंवा विद्यार्थ्यांना तो शिकवायचा आहे, त्याने ती काही काळ बाजूला ठेवावीत आणि १९४५ च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंतच्या कागदांकडे तारखेच्या क्रमाने जावे. ते कसे करावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी प्रश्न फोडून घ्यावा

"निर्णय" हा एकवचनी शब्दच दिशाभूल करतो. बॉम्ब वापरायचा की नाही, हा एक प्रश्न झाला. पूर्वसूचना द्यायची की नाही, हा दुसरा. लष्करी तळावर टाकायचा की शहरावर, हा तिसरा. पहिल्या बॉम्बनंतर थांबून वाट पाहायची की लगेच दुसरा टाकायचा, हा चौथा. आणि बिनशर्त शरणागतीच्या मागणीत सम्राटाच्या स्थानाबद्दल काही आश्वासन द्यायचे का, हा पाचवा प्रश्न. वरवर पाहता त्याचा बॉम्बशी संबंध दिसत नाही, पण तो सगळ्यांच्या मुळाशी आहे. या पाचही प्रश्नांवर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या माणसांनी विचार केला, आणि काहींवर तर फारसा विचार झालाच नाही. पहिल्या प्रश्नाला "होय" म्हणणारा माणूस चौथ्याला "नाही" म्हणू शकतो. हे एकदा लक्षात आले की दोन तटांची भाषा आपोआप अपुरी वाटू लागते.

वहीची दोन पाने

एक जाड वही घ्यावी. डाव्या पानावर वॉशिंग्टन, उजव्या पानावर टोकियो. प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत: तारीख, माणूस, त्या दिवशी त्याला काय ठाऊक होते, आणि काय ठाऊक नव्हते. चौथा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि खरा अभ्यास तिथेच होतो.

डाव्या पानाची सुरुवात १२ एप्रिल १९४५ पासून करावी. त्या दिवशी अध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि हॅरी ट्रुमन अध्यक्ष झाले. सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च होत असलेल्या, अणुबॉम्ब बनवण्याच्या गुप्त मॅनहॅटन प्रकल्पाची सविस्तर माहिती ट्रुमन यांना २५ एप्रिलला मिळाली. ती युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन आणि प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांनी दिली. म्हणजे ज्या माणसाच्या नावावर हा निर्णय जमा आहे, त्याच्या हाती हिरोशिमापूर्वी साडेतीन महिन्यांहूनही कमी काळ होता, आणि यंत्रणा त्याच्या आधीपासून वेगाने धावत होती. सप्टेंबर १९४४ मध्येच रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्यातील एका टिपणात, बॉम्ब तयार झाल्यावर परिपक्व विचारांती तो कदाचित जपानविरुद्ध वापरला जाईल, अशी नोंद झाली होती.

पुढची नोंद १० आणि ११ मे ची. लॉस अलामॉसला, बॉम्ब घडवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख ओपेनहायमर यांच्या कार्यालयात, लक्ष्य निवडणारी समिती बसली आणि क्योटो, हिरोशिमा, योकोहामा व कोकुरा ही नावे वरच्या श्रेणीत ठेवली गेली. मग ३१ मे आणि १ जून: स्टिम्सन यांच्या अध्यक्षतेखालील, बॉम्बबाबत सल्ला देणाऱ्या हंगामी समितीने शिफारस केली की बॉम्ब शक्य तितक्या लवकर वापरावा, कामगारांच्या घरांनी वेढलेल्या युद्धसामग्रीच्या कारखान्यावर वापरावा आणि पूर्वसूचना देऊ नये. हे वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवावे आणि "कामगारांच्या घरांनी वेढलेल्या" या शब्दांखाली रेघ मारावी. ३१ मे च्या इतिवृत्तात नागरी वस्तीवर भर द्यायचा नाही, असेही म्हटले आहे. कारखान्याला घरांनी वेढलेले असावे, ही सूचनाही त्याच बैठकीतली. शब्दांची ही ओढाताण समजून घेतल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाला हात घालू नये.

१८ जूनची नोंद विशेष काळजीने करावी. त्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये ट्रुमन यांनी लष्करप्रमुखांसोबत बसून १ नोव्हेंबरच्या, जपानच्या दक्षिणेकडील क्युशू बेटावरील स्वारीला मान्यता दिली. पुढे "बॉम्ब की स्वारी" असा जो पर्याय सांगितला गेला, तसा तो त्या दिवशी टेबलावर मांडलेला नव्हता. बॉम्बची चाचणी १६ जुलैला पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात व्हायची होती, त्यामुळे चौथ्या रकान्यात "बॉम्ब चालेल की नाही" असे लिहावे लागते. नाकेबंदी, शहरांवरील बॉम्बवर्षाव, सोव्हिएत संघाचा संभाव्य प्रवेश, स्वारीची तयारी आणि अणुबॉम्ब या सगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. एक निवडला तर दुसरा सोडावा लागेल, असे बहुतेकांच्या डोक्यात नव्हते.

कागद हातात घेतल्यावर

आता एकच दस्तऐवज जवळून पाहू. २५ जुलै १९४५ ची तारीख असलेला आदेश जनरल कार्ल स्पाट्झ यांना उद्देशून आहे आणि त्यावर सही आहे जनरल थॉमस हँडी यांची, कारण सेनाप्रमुख मार्शल त्या वेळी जर्मनीत पॉट्सडॅमच्या परिषदेला होते. आदेश म्हणतो की हवाई दलाच्या ५०९ व्या तुकडीने सुमारे ३ ऑगस्टनंतर, डोळ्यांनी लक्ष्य पाहून बॉम्ब टाकण्याजोगे हवामान मिळताच, हिरोशिमा, कोकुरा, निगाता आणि नागासाकी यांपैकी एका शहरावर पहिला विशेष बॉम्ब टाकावा. पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे याच लक्ष्यांवर टाकावेत.

हा कागद वाचताना चार गोष्टी विचाराव्यात. सही कोणाची आहे? अध्यक्षांची नाही. तारीख कोणती आहे? शरणागतीचे आवाहन करणारा पॉट्सडॅम जाहीरनामा २६ जुलैला निघाला, म्हणजे आदेश त्याच्या आदल्या दिवशीचा आहे. जपानने जाहीरनामा मान्य केला असता तर आदेश अर्थातच मागे घेता आला असता, पण उत्तराची वाट पाहून मग आदेश काढला, ही समजूत तारखेपुढे टिकत नाही. तिसरे, आदेशात काय नाही? पूर्वसूचनेचा उल्लेख नाही आणि शहरातील कोणत्या लष्करी जागेवर बॉम्ब टाकायचा हे लिहिलेले नाही. प्रत्यक्षात हिरोशिमात नेमबिंदू होता शहराच्या मध्यभागचा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा आइओई पूल. चौथे, "तयार होतील तसतसे" या शब्दांचा परिणाम काय झाला? नागासाकीचे उत्तर याच तीन शब्दांत आहे. दुसऱ्या बॉम्बसाठी वेगळी बैठक झाली नाही. तो ११ ऑगस्टला टाकायचा होता, हवामान बिघडण्याचा अंदाज आल्यामुळे तिनियान बेटावर, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या तळावर, तारीख ९ वर आणली गेली, आणि विमान निघाले ते कोकुराकडे. कोकुरावर धुरके होते, म्हणून ते नागासाकीकडे वळले. चौथ्या प्रश्नावर मत मांडण्यापूर्वी एवढे माहीत असणे आवश्यकच आहे, कारण "दुसरा बॉम्ब का टाकला?" या प्रश्नामागे कोणीतरी तीन दिवस विचार करून तो टाकायला सांगितला असे गृहीत धरलेले असते.

नागासाकीचे नाव यादीत शेवटच्या दिवसांत आले. क्योटो वगळल्यामुळे जागा झाली होती, आणि क्योटोचे प्रकरण स्वतंत्र पान लावून लिहिण्याजोगे आहे. ग्रोव्ह्ज यांना क्योटो हवे होते. ते मोठे होते आणि फारसे उद्ध्वस्त झालेले नव्हते. स्टिम्सन यांनी ते यादीतून काढले, पुन्हा आले तेव्हा पुन्हा काढले. २४ जुलैच्या आपल्या दैनंदिनीत ते लिहितात की ट्रुमन यांनी या मुद्द्यावर ठामपणे सहमती दिली. प्राचीन राजधानी नष्ट केली तर जपानी लोकांच्या मनात इतकी कटुता येईल की युद्धानंतर ते रशियाकडे झुकतील, ही काळजी त्यामागे होती. म्हणजे वरच्या पातळीवरून एखाद्या शहराबद्दल विचार होऊ शकत होता आणि तो झालाही. हिरोशिमाबद्दल तसा का झाला नाही, हा प्रश्न मला क्योटोच्या पानावरूनच सुचला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही एका कागदात मिळत नाही.

दुसरा एक कागद सावधगिरीसाठी सांगतो. ३१ जुलैला पॉट्सडॅमला स्टिम्सन यांची तार आली आणि ट्रुमन यांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिले: सूचना मान्य, तयार होताच प्रसृत करावे, मात्र २ ऑगस्टपूर्वी नको. मूळ इंग्रजी शब्द "रिलीज" सोडणे आणि प्रसृत करणे या दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे हा चिठोरा बॉम्ब सोडण्याचा आदेश म्हणून अनेकदा दाखवला जातो. पण स्टिम्सन यांची तार वाचली की कळते की विषय होता स्फोटानंतर जनतेसाठी काढायच्या निवेदनाचा. २ ऑगस्टची अट अशासाठी की त्या दिवशी ट्रुमन परिषद आटोपून निघणार होते. उत्तर वाचण्याआधी ज्याचे ते उत्तर आहे तो कागद वाचावा, ही सवय या विषयात फार उपयोगी पडते.

आकड्यांना तारीख लावावी

स्वारी झाली असती तर किती अमेरिकी सैनिक मेले असते? पाच लाख आणि दहा लाख हे आकडे सर्वत्र दिसतात. त्यातील दहा लाख हताहतांचा आकडा स्टिम्सन यांच्या १९४७ सालच्या लेखातून प्रसिद्ध झाला, आणि पाच लाख प्राण वाचल्याचा आकडा ट्रुमन यांच्या १९५५ सालच्या आठवणींतून. जून १९४५ मधील संयुक्त युद्ध नियोजन समितीच्या टिपणात दक्षिण क्युशू आणि त्यानंतर टोकियोचे मैदान या क्रमासाठी सुमारे ४०,००० मृत आणि १,५०,००० जखमी असा अंदाज होता. १८ जूनच्या बैठकीत मार्शल यांनी पहिल्या तीस दिवसांची हानी फिलिपिन्समधील लुझॉन बेटाच्या लढाईतील ३१,००० पेक्षा जास्त होऊ नये असे सांगितले, तर ॲडमिरल लेही यांनी ओकिनावा बेटाच्या लढाईतील ३५ टक्के हानीचे प्रमाण पुढे केले.

इथे दोन चुका टाळाव्यात. हताहत म्हणजे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून. तो आकडा मृतांचा म्हणून सांगू नये. आणि नंतरचा आकडा फुगलेला निघाला म्हणून स्वारीची भीती खोटी होती, असे समजू नये. जूननंतर उलगडलेल्या जपानी सांकेतिक संदेशांवरून क्युशूवर सैन्य झपाट्याने वाढत असल्याचे दिसत होते, त्यामुळे ऑगस्टच्या सुरुवातीला जूनचे अंदाज मार्शल यांनाही अपुरे वाटावेत अशी स्थिती होती. चाळीस हजार मृत्यू हेसुद्धा कोणत्याही सेनापतीला टाळावेसेच वाटतील.

दुसऱ्या तटाचा आवडता आधार १९४६ च्या अमेरिकी सामरिक बॉम्बवर्षाव पाहणीचा आहे. बॉम्ब टाकले नसते, रशिया युद्धात उतरला नसता आणि स्वारी झाली नसती तरी ३१ डिसेंबर १९४५ पूर्वी जपान नक्की शरण आला असता, असे ती पाहणी म्हणते. हे विधान युद्धानंतरचे आहे. जुलैमध्ये कोणाच्याही तिसऱ्या रकान्यात ते लिहिता येत नाही. शिवाय ज्या काळात जपान "आपोआप" शरण आला असता, त्या काळात नाकेबंदी, उपासमार आणि आगीचे बॉम्ब चालूच राहिले असते. ९ आणि १० मार्चच्या रात्री टोकियोत साध्या आगलाव्या बॉम्बनी सुमारे एक लाख माणसे मेली होती, हे वहीत ठळक लिहून ठेवावे. शहरे जाळण्याची सवय ऑगस्टपर्यंत अंगवळणी पडलेली होती.

विरोध कुठपर्यंत पोहोचला ते पाहावे

प्रकल्पातील शिकागोच्या शास्त्रज्ञांनी ११ जूनला जेम्स फ्रँक यांच्या नावाने अहवाल दिला आणि आधी निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवावे असे सुचवले. १६ जूनला ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि आर्थर कॉम्प्टन या शास्त्रज्ञांच्या सल्लागार गटाने कळवले की युद्ध संपवेल असे कोणतेही तांत्रिक प्रात्यक्षिक आम्हाला सुचवता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या १७ जुलैच्या, बॉम्बच्या वापराला आक्षेप घेणाऱ्या निवेदनावर सत्तर सह्या झाल्या. २७ जूनला नौदलाचे उपमंत्री राल्फ बार्ड यांनी काही दिवस आधी इशारा द्यावा असे टिपण लिहिले. ते हंगामी समितीचे सदस्य होते, म्हणून त्यांचे वजन वेगळे आहे. अशा प्रत्येक कागदापुढे "लिहिला" आणि "पोहोचला" अशा दोन नोंदी कराव्यात. झिलार्ड यांचे निवेदन बॉम्ब पडण्यापूर्वी ट्रुमन यांच्या हाती गेले नाही. "शास्त्रज्ञांनी विरोध केला होता" हे वाक्य खरे आहे, पण अध्यक्षांनी तो विरोध वाचून धुडकावला असा त्याचा अर्थ होत नाही.

उजवे पान

बहुतेकांची वही इथे कोरी राहते आणि मग जपान म्हणजे जणू एकच मन, अशी भाषा सुरू होते. वस्तुस्थिती अशी की सर्वोच्च युद्ध परिषदेत सहा माणसे होती: पंतप्रधान सुझुकी, परराष्ट्रमंत्री तोगो, युद्धमंत्री अनामी, नौदलमंत्री योनाई, आणि सेना व नौदलाचे प्रमुख उमेझु व तोयोदा. जुलैमध्ये तोगो मॉस्कोतील राजदूत सातो यांना तारा पाठवत होते: सम्राटाला युद्ध संपवायचे आहे, रशियाने मध्यस्थी करावी, मात्र बिनशर्त शरणागती मान्य नाही. सातो परखडपणे उत्तर देत होते की ठोस अटी न मांडता काही साधणार नाही. अमेरिका या तारा उलगडून वाचत होती. एकाला त्यांत शांततेची इच्छा दिसते, दुसऱ्याला निश्चित प्रस्तावाचा अभाव. दोन्ही गोष्टी त्यांत आहेत, म्हणून त्या एकत्रच उद्धृत कराव्यात. त्यांच्या शेजारी, स्टिम्सन यांच्या जुलैच्या मसुद्यात विद्यमान राजघराण्याखालील घटनात्मक राजेशाहीची शक्यता लिहिलेली होती आणि २६ जुलैच्या जाहीरनाम्यातून ती गळाली, ही नोंद ठेवावी. पाचवा प्रश्न तिथे आहे.

मग ६ ऑगस्ट, सकाळी ८ वाजून १५ मिनिटे, हिरोशिमा. ८ ऑगस्टला सोव्हिएत संघाने युद्ध पुकारले आणि ९ च्या मध्यरात्रीनंतर जपानच्या ताब्यातील मांचुरियात त्याचे सैन्य घुसले. ९ च्या सकाळी टोकियोत परिषद बसली. ती चालू असतानाच नागासाकीवर ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब पडल्याची बातमी आली. तरीही मते तीनास तीनच राहिली: तोगोंच्या बाजूला सम्राटाचे स्थान राखण्याची एकच अट, अनामींच्या बाजूला आणखी तीन. ही कोंडी त्या रात्री सम्राट हिरोहितो यांनी फोडली. बॉम्बमुळे की रशियामुळे, असे विचारणाऱ्याने दोन घोषणा शेजारी ठेवाव्यात. १५ ऑगस्टला रेडिओवरून ऐकवलेल्या घोषणेत नव्या आणि अत्यंत क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे. १७ ऑगस्टला सैनिकांसाठी काढलेल्या घोषणेत सोव्हिएत प्रवेशाचा आहे, बॉम्बचा नाही. सम्राट दोन वेगळ्या श्रोत्यांना दोन वेगळी कारणे सांगत होते. या वादात एकाच कारणावर शिक्कामोर्तब करणाऱ्या लेखकावर मी विश्वास ठेवत नाही. तीन दिवसांत इतके आघात एकावर एक कोसळले की ते सुटे करणे त्या खोलीतल्या माणसांनाही जमले नसते.

माणसे कुठे लिहावीत

मृतांची संख्या सांगताना ती कोणत्या तारखेपर्यंतची हे लिहावे. १९४६ मधील मॅनहॅटन प्रकल्पाचा अंदाज हिरोशिमात ६६,००० आणि नागासाकीत ३९,००० असा होता. १९४५ च्या अखेरपर्यंतचे, आज सामान्यतः दिले जाणारे आकडे सुमारे १,४०,००० आणि ७४,००० आहेत. भाजणे आणि किरणोत्सर्ग यांनी पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत मेलेली माणसे या नंतरच्या आकड्यांत येतात. त्यांत सक्तीने किंवा पोटासाठी आलेले हजारो कोरियनही आहेत.

एक गोष्ट मात्र आकड्यांच्या परिच्छेदात टाकून मोकळे होऊ नये. त्या सकाळी हिरोशिमाच्या मध्यभागात माध्यमिक शाळांतली बारा-तेरा वर्षांची मुले हजारोंच्या संख्येने कामाला लावलेली होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करायचे आणि पाडलेल्या घरांच्या फळ्या व कौले उचलायची, हे त्यांचे काम होते. ती उघड्यावर होती. त्यांतील सुमारे सहा हजार मुले मेली. ट्रुमन यांच्या २५ जुलैच्या दैनंदिनीतील नोंद यानंतर वाचावी: लक्ष्य लष्करी ठिकाणे, सैनिक आणि खलाशी असावेत, स्त्रिया आणि मुले नव्हेत, असे आपण स्टिम्सन यांना सांगितल्याचे ते लिहितात. हिरोशिमात सैन्याचे मोठे मुख्यालय होते हे खरे. पण १ जूनची शिफारस, आइओई पुलाचा नेमबिंदू आणि ही नोंद एका पानावर मांडली की ट्रुमन यांना शहराचे चित्र नीट समजले नव्हते की त्यांनी स्वतःची समजूत घातली, हा प्रश्न टाळता येत नाही.

शेवटची नोंद

लिहायला बसल्यावर प्रत्येक विधान कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदावर उभे आहे ते समासात लिहावे, आणि ज्याला तारीख देता येत नाही ते विधान आपल्या मताच्या परिच्छेदात हलवावे. "ट्रुमन यांनी बॉम्ब टाकण्याचा निर्णय घेतला" हे वाक्य तपासताना असे दिसेल की जबाबदारी निःसंशय त्यांची होती, ती त्यांनी कधी नाकारलीही नाही, पण चालू योजनेत हस्तक्षेप न करणे हेच त्या निर्णयाचे रूप होते. पुढे ग्रोव्ह्ज यांनीही त्याचे वर्णन तसेच केले.

वहीच्या डाव्या पानावरची शेवटची ओळ १० ऑगस्टची असावी. त्या दिवशी ग्रोव्ह्ज यांनी मार्शल यांना कळवले की पुढचा बॉम्ब १७ किंवा १८ ऑगस्टनंतरच्या पहिल्या योग्य हवामानात टाकता येईल. त्याच कागदावर मार्शल यांनी हाताने लिहिले की अध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकायचा नाही. त्याच दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीत ट्रुमन यांनी सांगितले की आपण अणुबॉम्ब थांबवायला सांगितले आहेत, आणखी एक लाख माणसे पुसून टाकण्याचा विचार फार भयंकर आहे आणि "ती सगळी मुले" मारणे आपल्याला आवडत नाही. बैठकीला असलेले वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांनी ते आपल्या दैनंदिनीत टिपून ठेवले. २५ जुलैच्या आदेशातील "तयार होतील तसतसे" हे शब्द तेव्हा रद्द झाले, आणि त्या वेळी नागासाकीवर बॉम्ब पडून एक दिवस उलटला होता.